दुसरी किल्ली कोणाकडे?

औषधाच्या बाटलीचे झाकण हा तसा क्षुल्लक विषय; परंतु आम्हा बालरोगतज्ज्ञांना तो क्षुल्लक वाटत नाही. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नातवाने चॉकलेट समजून खाल्ल्या, अशा प्रसंगी मध्यरात्री येणारा दूरध्वनी आम्हा सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेत १९७० साली या प्रश्नावर कायदा झाला आणि लहान मुलांना सहजी उघडता येणार नाहीत अशी झाकणे अनेक औषधांना सक्तीची करण्यात आली. मुलांचे रक्षण झाले, पण एक नवीच अडचण उभी राहिली. बोटांचे सांधे आखडलेल्या आजी-आजोबांनाही ती झाकणे उघडेनात. मग काही जण झाकण सैलच ठेवू लागले, तर काहींनी गोळ्या साध्या डबीत काढून ठेवल्या. म्हणजे ज्या कारणासाठी कुलूप लावले, तेच कारण कुलपाच्या अतिरेकाने पराभूत झाले.

तेथील नियामकांनी १९९५ मध्ये चाचणीची पद्धत बदलली. तोवर मोठ्या माणसांची चाचणी १८ ते ४५ या वयोगटातील व्यक्तींवर होत असे. ती ५० ते ७० या वयोगटावर घेण्याचे ठरले. झाकण उघडण्याची रीत दाखवून दिल्यावरही किमान ८० टक्के लहान मुलांना ते उघडता येता कामा नये, आणि ज्येष्ठांपैकी किमान ९० टक्के लोकांना ते उघडता आलेच पाहिजे, अशी ही दुहेरी कसोटी आहे. परक्याला उघडत नाही एवढ्यावर कुलूप चांगले ठरत नाही. आपल्या माणसाला अडचणीच्या वेळी ते उघडता आले पाहिजे.

हीच कसोटी आपल्या घरच्या संगणकाला लावून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो. आपल्यापैकी बहुतेकांचे घरचे संगणक या कसोटीच्या पहिल्या भागात उत्तीर्ण होतील आणि दुसऱ्या भागात सपशेल नापास होतील.

साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वी आपल्या घरांत जे संगणक आले, त्यांवर बहुधा २००१ साली निघालेली विंडोज एक्सपी ही प्रणाली असे. तिचा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, विसरला तरी फारसे बिघडत नसे. घरगुती आवृत्तीत ॲडमिनिस्ट्रेटर नावाचे एक खाते पडद्याआड दडलेले असे आणि त्याला मुळात पासवर्डच नसे. सेफ मोडमध्ये संगणक सुरू केला की त्या वाटेने आत शिरता येई. तेही न जमले तर दुरुस्तीला आलेला मुलगा हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडी आणि सर्व फाइली जशाच्या तशा समोर येत. तो पासवर्ड म्हणजे दाराची नुसती कडी होती. भिंती कुडाच्याच होत्या.

आता भिंतीही पोलादी झाल्या आहेत. बिटलॉकर नावाची व्यवस्था २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आली, ती प्रामुख्याने कार्यालयांसाठी. पुढे तिचेच सुटसुटीत रूप घरगुती संगणकांतही आले आणि विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून ते आणखी कितीतरी नव्या संगणकांवर आपोआप लागू झाले. नवा संगणक सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले की डिस्कवरील सारा मजकूर सांकेतिक रूपात साठवला जातो. मग ती डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी समोर निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे जुना संगणक बाजूला ठेवून नवा घेणारी मंडळी आपल्यातही बरीच आहेत. आपल्या नव्या संगणकाला असे कुलूप आहे, हे त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊकही नसते.

ते ठाऊक होते एखाद्या अवचित सकाळी. संगणकाच्या मदरबोर्डवर टीपीएम नावाची एक चिप असते. रोज संगणक सुरू होताना सर्व काही पूर्वीसारखेच आहे ना, हे पाहून ती निमूटपणे कुलूप उघडते. मदरबोर्ड बदलला, मूळ फर्मवेअर अद्ययावत केले किंवा सुरुवातीच्या काही मांडण्या बदलल्या की तिला संशय येतो आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. सहा-सहा अंकांचे आठ गट! त्या घटकेला रोजचा पासवर्ड तोंडपाठ असूनही उपयोगी पडत नाही.

कुलूप लागण्याची इतर कारणे याहून घरगुती आहेत. लहान मुलांचे पराक्रम आम्ही नित्य पाहतो. २०१९ मध्ये इव्हान ऑस्नोस या अमेरिकन पत्रकाराच्या तीन वर्षांच्या मुलाने आयपॅडवर इतक्या वेळा चुकीचे अंक दाबले की पुन्हा प्रयत्न करण्यासाठी २,५५,३६,४४२ मिनिटे थांबा, असा आदेश पडद्यावर आला. हिशेब केला तर ही सुमारे साडेअठ्ठेचाळीस वर्षे होतात! त्या गोष्टीवर जग हसले. परंतु पक्षाघातानंतर स्वतःचाच पासवर्ड न आठवणारा साठीतला गृहस्थ, किंवा पतीच्या निधनानंतर त्याच्या टेबलासमोर हताश बसलेली पत्नी, यांच्या बाबतीत हसण्यासारखे काही नसते.

अशा वेळी काय करावे? वैद्यकशास्त्रात आपण प्रथम इतिहास विचारतो, मग तपासतो आणि शेवटी शस्त्र हाती घेतो. येथेही क्रम तोच असावा. दुर्दैवाने संगणक दुरुस्तीच्या दुकानात पुष्कळदा पहिलाच उपाय शस्त्रक्रियेचा सुचवला जातो, तो म्हणजे फॉरमॅट. संगणक त्याने खचित सुरू होतो. पण आतले सारे नाहीसे झालेले असते.

पहिला प्रश्न असा, की कोणते कुलूप अडले आहे? पासवर्ड मागणारा नेहमीचा पडदा दिसत असेल तर कॅप्स लॉक सुरू नाही ना, हे पाहावे. त्यानंतर कोपऱ्यातील भाषेची खूण पाहावी. मराठी टंकलेखनाची सोय करून घेतलेल्या आपल्या घरांत हे विशेष महत्त्वाचे आहे. कळफलक देवनागरीवर राहिला असेल तर बरोबर पासवर्डही चूकच ठरतो, आणि पडद्यावर केवळ ठिपके उमटत असल्याने कारण कळत नाही. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल तर दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून पासवर्ड नव्याने ठरवता येतो. त्यासाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक किंवा ईमेल हाताशी हवा. खाते केवळ त्या संगणकापुरते असेल तर पूर्वी ठरवलेले सुरक्षा प्रश्न उपयोगी पडतात. डिस्क सांकेतिक केलेली नसेल तर कुशल तंत्रज्ञ आजही फाइली सुखरूप बाहेर काढू शकतो.

निळा पडदा असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर किल्लीची ओळख पटवणारा एक क्रमांक असतो; त्याची पहिली आठ अक्षरे लिहून घ्यावीत. मग संगणक प्रथम सुरू करताना ज्याचे खाते वापरले होते त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दुसऱ्या उपकरणावरून शिरून त्या आठ अक्षरांशी जुळणारी किल्ली शोधावी. हे खाते पुष्कळदा घरमालकाचे नसून मांडणी करून देणाऱ्या मुलाचे किंवा जावयाचे निघते, म्हणून त्यांनाही विचारावे. तेथे नसेल तर खरेदीच्या वेळच्या फायली आणि जुने पेन ड्राइव्ह धुंडाळावेत. संगणक एखाद्या रुग्णालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या खात्याशी जोडलेला असेल तर तेथील संगणक विभागाकडे किल्ली असू शकते. एवढे करूनही ती मिळाली नाही तर ती कंपनीलाही नव्याने तयार करून देता येत नाही. सर्व पुसून नव्याने प्रारंभ करणे, एवढाच मार्ग उरतो. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकावरून कोणी हमखास उघडून देण्याचे आश्वासन देऊ लागला, तर तो बहुधा संगणकाऐवजी आपले बँकखाते उघडण्याच्या खटपटीत आहे असे समजावे.

येथे आपल्याच इंदूर शहरातील एका घराचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. आमच्या पिढीला गुरुस्थानी असलेले एक फिजिशियन निवर्तले, त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचा लॅपटॉप बंद पडला. मुलगा परदेशी, मुलगी पुण्याला. दुकानदाराने मदरबोर्ड बदलला आणि तो निळा पडदा समोर आला. "आंटीजी, फॉरमॅट करना पड़ेगा," असे त्याने सांगितले. काकूंनी त्याला थांबवले आणि मला दूरध्वनी केला. त्यांचे शब्द असे होते : "यंत्र काय, नवं घेता येईल हो. मला ह्यांचे कागद हवेत." ते कागद म्हणजे होळकरशाहीच्या काळापासून घराण्यात चालत आलेले मोडी दस्तऐवज. डॉक्टरांनी निवृत्तीनंतरची काही वर्षे खर्चून ते स्कॅन केले होते आणि प्रत्येकाचे देवनागरी लिप्यंतर स्वतः टंकित केले होते. मूळ कागदांपैकी काहींना कसर लागून ते केव्हाच संपले होते.

किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असणार, हे उघड होते. परंतु त्या खात्याचा पासवर्ड कोणालाही ठाऊक नव्हता आणि तो बदलण्यासाठी लागणारा सांकेतिक अंक डॉक्टरांच्या मोबाइलवर जात होता. तो क्रमांक वापरात नसल्याने बंद पडलेला होता. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपात आणि दुसऱ्याची तिसऱ्यात, अशी ती साखळी होती. शेवटी पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या हमीपत्रांमध्ये एक घडी घातलेला कागद सापडला. लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातील एका जाणत्या मुलाने किल्ली छापून दिली होती. पहिली आठ अक्षरे जुळली, ४८ अंक घातले आणि संगणक उघडला. काकू काही वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या आणि मग चहा करायला आत गेल्या.

हे घर सुदैवी ठरले. परंतु सुदैव म्हणजे व्यवस्था नव्हे. तो कागद रद्दीत गेला असता तर एका घराण्याच्या दोन शतकांच्या नोंदी, चोर नाही, आग नाही, पूर नाही, तरीही कायमच्या नष्ट झाल्या असत्या. आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या समाजाला याचे मोल वेगळे सांगायला नको. आपले कुळाचे वृत्तांत, जुनी छायाचित्रे, गणेशोत्सवाच्या आणि नाट्यप्रयोगांच्या ध्वनिफिती कोण्या सरकारी दप्तरखान्यात नाहीत. त्या कोणाच्या तरी घरच्या संगणकात आहेत आणि त्या संगणकाची किल्ली बहुधा सत्तरीच्या पलीकडील एकाच व्यक्तीच्या स्मरणात आहे. मुले बंगळुरूला किंवा सातासमुद्रापार. घराची दुसरी किल्ली आपण शेजारी ठेवतो. संगणकाची ठेवत नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत याला व्यावसायिक बाजूही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. संगणक उघडत नाही, ही सबब त्या मुदतीत बसत नाही. नियमांपलीकडेही पाहावे. अठरा वर्षांपूर्वी जिला आम्ही गोवराची लस टोचली ती मुलगी आज परदेशी विद्यापीठात निघते आणि तिची आई लसीच्या तारखा मागायला येते. लहान दवाखान्यांच्या अशा कितीतरी नोंदी डॉक्टरांच्या घरच्याच संगणकावर असतात. त्या नोंदी आपल्या नव्हेत. त्या रुग्णांच्या आहेत आणि आपण त्यांचे केवळ विश्वस्त आहोत.

यावर एक आक्षेप निश्चित येईल. पासवर्ड कोणालाही सांगू नये, कोठेही लिहून ठेवू नये आणि वरचेवर बदलावा, हेच तर आपल्याला आजवर शिकवले गेले! ही शिकवण कोठून आली तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतून गुंतागुंतीचे आणि वारंवार बदललेले पासवर्ड वापरण्याची प्रथा जगभर पसरली. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी संस्थेने, कारण नसताना ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये, अशी सुधारणा केली. ब्रूस श्नायर यांच्यासारख्या नामांकित सुरक्षातज्ज्ञाने तर २००५ मध्येच सांगितले होते, की भक्कम पासवर्ड कागदावर लिहून पैशांच्या पाकिटात ठेवावा. कागदाचे मौल्यवान चिटोरे सांभाळण्यात माणूस तरबेज असतो. घरात शिरून कपाट उघडणारा चोर आणि दूर देशातून खात्यात शिरणारा चोर हे निराळे असतात. दुसऱ्याला आपल्या कपाटातील कागद दिसत नाही.

आक्षेपाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. कुटुंबीयांच्या हाती किल्ली दिली तर रुग्णांची गोपनीयता राहील काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कुलूप सैल करणे हे नव्हे. घरचा संगणक आणि रुग्णांच्या नोंदींचा संगणक शक्यतो वेगळे असावेत. ते शक्य नसेल तर निदान नोंदी वेगळ्या पासवर्डखाली असाव्यात. कौटुंबिक किल्ली पत्नीकडे किंवा पतीकडे आणि एका अपत्याकडे असावी. रुग्णनोंदींची किल्ली मोहोरबंद पाकिटात एखाद्या विश्वासू व्यवसायबंधूकडे असावी, आणि ते पाकीट कोणत्या परिस्थितीत उघडावे हे त्यावरच लिहिलेले असावे. आपण रजेवर जाताना रुग्ण ज्याच्या हवाली करतो, त्याच्या हवाली पाकीट करण्यास संकोच कसला?

कायदाही या दिशेने सरकतो आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या १४ व्या कलमात मृत्यू किंवा असमर्थता आल्यास आपल्या वतीने हक्क बजावण्यासाठी वारस नेमण्याची सोय आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. गूगलने २०१३ पासून आणि ॲपलने २०२१ पासून आपल्या पश्चात खाते कोणास दाखवावे हे आधीच नोंदवण्याची सोय दिली आहे. परंतु कायदा कंपन्यांना बांधतो आणि कंपन्यांच्या सोयी त्यांच्याकडील खात्यांपुरत्या असतात. आपल्या टेबलावरील डिस्कची किल्ली हरवली तर न्यायालयाचा हुकूमनामाही तिच्यापुढे निष्प्रभ आहे. ती व्यवस्था ज्याची त्यानेच, धडधाकट असताना करायची असते.

म्हणून आपल्या संस्थेसमोर एक नम्र सूचना मांडतो. मधुमेहाच्या तपासणीची शिबिरे आपण भरवतो, मृत्युपत्रावर व्याख्याने ठेवतो. त्याच धर्तीवर सभासदांसाठी एका पानाचा नमुना तयार करावा. घरात कोणती उपकरणे आहेत, प्रत्येकाला कोणाचे खाते जोडले आहे, ४८ अंकी किल्ली कोठे ठेवली आहे, खात्याला कोणता मोबाइल क्रमांक जोडला आहे आणि फाइलींची दुसरी प्रत कोठे आहे, एवढेच त्यात असावे. पासवर्ड संस्थेला कळवायचे नाहीत. भरलेले पान आपल्या घरी, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा मृत्युपत्रासोबत ठेवायचे. कुटुंबातील मोबाइल क्रमांक एखाद्याच्या निधनानंतर घाईने बंद होऊ देऊ नये, हेही त्या पानावर ठळकपणे छापावे. तरुण सभासदांनी ज्येष्ठांच्या घरी जाऊन किल्ली शोधून छापून द्यावी. या कामाला अर्धा तासही लागत नाही.

आणि हे वर्षातून एकदा तपासावे. त्यासाठी नवा दिवस शोधण्याची गरज नाही. खंडेनवमीला आपल्या घरांत स्टेथोस्कोपबरोबर संगणकालाही हळदकुंकू वाहिले जाते. यंदा त्या दिवशी फुले वाहून झाल्यावर घरातील दुसऱ्या माणसाला खुर्चीवर बसवावे, आपण बाजूला उभे राहावे आणि त्याला तो कागद पाहून संगणक उघडायला सांगावे. मध्येच काही सांगण्याचा मोह टाळावा. तो उघडला तर उत्तम. न उघडला तर, दोघेही समोर आहेत तोवर, त्याच दिवशी काय ते ठीक करून घ्यावे.